पुणे महानगरपालिकेचे जलनियोजन आणि समाविष्ट गावांतील भूजलाचा प्रश्न

प्रस्तावना :

पुणे शहराच्या पाणीपुरवठ्याचा विचार करताना खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. त्यांची एकत्रित साठवण क्षमता सुमारे २९ टीएमसी असून शहराचे पिण्याचे पाणी व हवेली, दौंड, इंदापूर या तालुक्यांतील सिंचन यांची मदार याच साठ्यावर आहे. तथापि, २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे महापालिकेच्या हद्दीत समाविष्ट झाली, तेव्हा धरणांच्या या हिशेबात न बसणारा मोठा परिसर शहरास जोडला गेला. वाघोली, उंड्री, पिसोळी यांसारख्या उपनगरांतील गृहसंकुले प्रामुख्याने कूपनलिका व टँकर यांच्या भरवशावर उभी राहिली. अशा परिसराच्या जलसंधारणाचे नियोजन धरणापासून नव्हे, तर भूजलापासून सुरू करणे का आवश्यक आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

खडक आणि पाऊस :

सह्याद्रीच्या माथ्यावरून पूर्वेकडे येताना पर्जन्यमान झपाट्याने घटते. पुणे शहरात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पुढे शिरूर-दौंडचा पट्टा अवर्षणप्रवणच होय. या प्रदेशाखाली बेसाल्टचे थर आहेत. वरचा मुरूम, त्याखालील सच्छिद्र मांजऱ्या आणि भेगाळलेला खडक यांतच पाणी साठते. एकसंध काळा पाषाण जवळजवळ कोरडा असतो. त्यामुळे खोल कूपनलिका नवे पाणी शोधते असे नव्हे. अनेकदा ती शेजारच्या विहिरीचेच पाणी ओढते.

छतावरील पाणी साठवा, हा उपाय सर्वमान्य आहे आणि महापालिका त्यासाठी मिळकतकरात सवलतही देते. त्याचे गणित मात्र क्वचितच मांडले जाते. १,००० चौरस मीटर छतावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील ८० टक्के हाती लागला, तर वर्षाला ५ लाख ६० हजार लिटर पाणी मिळते. हे १०,००० लिटरचे ५६ टँकर झाले. परंतु १०० सदनिकांच्या संकुलात प्रत्येक घरी चार माणसे व दरडोई १३५ लिटर असा वापर धरल्यास दररोज ५४,००० लिटर लागतात. म्हणजे वर्षभराचे छताचे पाणी जेमतेम दहा दिवसांचे. सबब केवळ संकुलनिहाय सक्ती पुरेशी नाही. पुनर्भरणाची जागा संकुलाच्या कुंपणाने नव्हे, खडकाने ठरते. शोषखड्डा काळ्या पाषाणावर खोदला, तर तो नियम पाळल्याचा पुरावा एवढाच उरतो.

हमीपत्रे आणि ओढे :

महापालिकेचे पाणी पोहोचेपर्यंत पुरवठा करण्याचे हमीपत्र विकसकाकडून घेऊन बांधकामांना परवानगी देण्याची पद्धत या भागात रूढ झाली. इमारत पूर्ण झाल्यावर ते ओझे रहिवाशांच्या माथी येते. येथे जलनियोजनाचा प्रश्न नगररचनेचा बनतो. दुर्दैवाने परवानगी देताना त्या जागेखालील भूजलाची मोजणी विचारात घेतली जात नाही. पाण्याच्या गुणवत्तेची बाबही गंभीर आहे. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी परिसरात गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण आढळले, तेव्हा विहिरी, टँकर व खासगी कूपनलिका यांचे पाणी तपासण्याची वेळ आली. खडकवासला धरण या गावांच्या उशाशी आहे, हे विशेष.

१७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी ज्या कात्रजच्या खोऱ्यातून दगडी नळाने शहरात पाणी आणले, त्याच परिसरातील भिलारेवाडी व मांगडेवाडी ही गावे २०२१ मध्ये समाविष्ट झाली. तेथील डोंगर उतारांवरचे पाणी कात्रजच्या तलावांतून आंबिल ओढ्यात उतरते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच ओढ्याला पूर येऊन जीवितहानी झाली. उतारावर समतल चर, ओढ्यांच्या काठी मोकळी जागा आणि मुरमाच्या पट्ट्यांत बांधकामावर मर्यादा, ही कामे एकाच वेळी पुराचा जोर कमी करणारी व भूजल वाढविणारी आहेत. त्यासाठी प्रत्येक गावातील कूपनलिकांची खोली, उपसा आणि टँकरच्या फेऱ्या यांची नोंद प्रथम व्हावयास हवी. धरणातील पाणी रोज मोजले जाते. खडकातील पाण्याच्या उपशाला अद्याप नोंदवहीदेखील नाही.