मंडईतील बटाटा आणि जखमेवरील स्पंज

पुण्याच्या मंडईत तुमच्यापैकी बहुतेकजण आईवडिलांबरोबर पिशवी धरून गेलेले असतील. 1886 साली रे मार्केट या नावाने उघडलेल्या व आता महात्मा जोतीराव फुले यांचे नाव धारण करणाऱ्या त्या अष्टकोनी मनोऱ्याच्या इमारतीत बटाट्यांच्या राशी पाहून आपल्याला भाजी आठवते. रसायनशास्त्रज्ञाला मात्र त्यांत जखमेवर ठेवण्याचा किंवा मोडक्या हाडाच्या पोकळीत भरण्याचा स्पंज दिसतो. ही अतिशयोक्ती नव्हे, हे घरच्या घरी पडताळून पाहता येईल.

दोन बटाटे किसून पाण्यात कालवावेत व ते पाणी फडक्यातून गाळून स्थिर ठेवावे. तळाशी जो शुभ्र साका बसतो, ते पिष्ट. वाळवलेले एक चमचा पिष्ट दहा-बारा चमचे पाण्यात ढवळीत शिजवावे, म्हणजे धोब्याच्या खळीसारखी दाट खळ होते. ती वाटीत ओतून रात्रभर शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावी. सकाळी बर्फ वितळू दिल्यावर हाताने दाबले असता पाणी निथळते व मागे एक पांढरा, लवचीक स्पंज उरतो. गोठताना बर्फाचे स्फटिक पिष्टाला बाजूस सारतात. दाटीने एकत्र आलेले पिष्टाचे लांबच लांब रेणू एकमेकांना घट्ट बिलगून भिंती बनतात. आणि बर्फ गेला की त्याच्या जागी छिद्रे राहतात. दुसरे महायुद्ध चालू असता, 1944 साली, अमेरिकेच्या कृषिखात्यातील रसायनज्ञांनी अशाच पिष्टाचा स्पंज शस्त्रक्रियेतील रक्तस्राव थांबविण्यासाठी सुचविला होता. लाळेप्रमाणे रक्तातही पिष्ट फोडणारे द्रव्य असल्यामुळे तो आत राहिला तरी विरून जावा, ही त्यातील कल्पना. आपल्या पुण्यातच, पाषाण येथे 3 जानेवारी 1950 रोजी उद्घाटन झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही बर्फाच्या स्फटिकांचा साचा करून सच्छिद्र पदार्थ घडविण्याचे संशोधन झाले आहे.

पण छिद्रांचे एवढे महत्त्व का? काही वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत माझ्याच निष्काळजीपणाने माझा हात भाजला. जखमेपेक्षा तिच्यावरील जाळीदार पट्टी दर दिवसाआड सोलून काढतानाच्या वेदना मला अधिक स्मरतात, कारण पट्टीबरोबर नवी आलेली त्वचाही निघत असे. चांगला फेसाळ पदार्थ जखमेचा स्राव शोषून घेतो, तरीही तिला ओलसर ठेवतो व सहसा चिकटून बसत नाही. हाडाची गोष्ट याहून बिकट. तेथे पेशींना आत शिरून वस्ती करावयाची असते आणि प्रत्येक पेशीला सुमारे 0.1 ते 0.2 मिलिमीटरच्या आत रक्ताची केशिका लागते. म्हणून छिद्रे निदान 0.1 मिलिमीटरची, शक्यतो 0.3 मिलिमीटरहून मोठी असावीत. आणि मुख्य म्हणजे ती एकमेकांत उघडणारी असावीत. मंडईतील गाळे कितीही असले, तरी त्यांच्यामधून वाट नसेल तर गिऱ्हाईक दारातच उभे राहील!

निव्वळ पिष्टाचा स्पंज दुबळा असतो. मातीच्या भिंतीला बळकटी यावी म्हणून गाऱ्यात जसा भुसा मिसळतात, तद्वत् या फेसातही भर घालावी लागते. उसाच्या चिपाडातील तंतू त्यासाठी उत्तम. परंतु ते सेल्युलोजचे असल्याने मनुष्याच्या शरीरास मोडता येत नाहीत, म्हणून वरून काढावयाच्या पट्टीत ते चालतील, हाडात घालताना मात्र विचार करावा लागेल. अंड्याचे टरफल या कामी विशेष गुणी आहे. त्याचा सुमारे 95 टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर फॉस्फेटची क्रिया घडविल्यास आपल्या हाडात असते तसलेच खनिज तयार होते. साखर आंबवून जे लॅक्टिक आम्ल मिळते (दह्याला आंबटपणा आणणारे तेच), त्यापासून बनणारे प्लॅस्टिक शरीरात विरणाऱ्या खिळ्यांसाठी वापरले जाते. त्याच्या फेसात हे खनिज मिसळले, तर बळकटी येतेच. शिवाय प्लॅस्टिक विरताना साचणारे आम्लही काहीसे शमते. एका भरीने दोन कामे साधतात, याचे मला मोठे कौतुक वाटते.

वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक, हा समज मात्र मला मान्य नाही. एरंडेल तेलापासूनही उत्तम फेस होतो, पण त्यासाठी लागणारी आयसोसायनेट द्रव्ये विषारी असतात व त्यांचा लेशही उरू देता कामा नये. निर्जंतुक करणे हेही अवघड. वाफेच्या उष्णतेने पिष्टाची पुन्हा खळ होते. आणि गॅमा किरणांनी जंतू मरतात खरे, पण लांब रेणूही तुटतात. वैद्यकीय सामान अशा किरणांनी निर्जंतुक करणारे 'आयसोमेड' हे केंद्र ट्रॉम्बे येथे 1974 साली सुरू झाले. तेव्हा साधन हाताशी आहे, फक्त किरणांची मात्रा प्रत्येक पदार्थागणिक पारखून ठरवावी लागते.

यासाठीच पालकांनी एवढे पाहावे की घरी केलेला स्पंज कोणी खरचटलेल्या गुडघ्यावर बांधणार नाही. आमच्या नववीच्या वर्गाने केलेला स्पंज मुलांच्या आग्रहास्तव खिडकीत ठेवला होता. तिसऱ्या दिवशी त्यावर हिरवी बुरशी दिसू लागली, आणि पाचव्या दिवशी तो वासामुळे बाहेर टाकावा लागला.