लेखकत्वश्रेय, शोधनिबंधांचे

लेखकत्वश्रेय, शोधनिबंधांचे : संशोधनपर निबंधावर कोणाची नावे लेखक म्हणून असावीत, ती कोणत्या क्रमाने द्यावीत आणि त्या नावांबरोबर कोणती जबाबदारी येते, यांविषयीचे नैतिक संकेत. कथा-कादंबरीचा लेखक म्हणजे ती लिहिणारी व्यक्ती. शोधनिबंधाच्या लेखकाचा मात्र समस्येची मांडणी, प्रयोग वा निरीक्षणे, त्यांचा अन्वयार्थ आणि लेखन यांत भरीव वाटा अभिप्रेत असतो. संशोधकाची नियुक्ती, पदोन्नती, अनुदान व पारितोषिके बव्हंशी त्याच्या नावावरील निबंधांवर अवलंबून असतात. उलटपक्षी, निबंधातील विधाने चुकीची वा खोटी ठरल्यास त्याचा जाब लेखकांनाच द्यावा लागतो. श्रेय आणि उत्तरदायित्व ही एकमेकांपासून अलग करता येत नाहीत, हे या संकेतांचे मूलतत्त्व आहे.

पार्श्वभूमी : १६६५ मध्ये लंडन व पॅरिस येथे पहिली विद्वत्‌पत्रे निघाली. त्यानंतर दीर्घकाळ बहुतेक शोधनिबंध एकाच लेखकाचे असत व श्रेयाचा वाद मुख्यतः शोध प्रथम कोणी लावला, एवढ्यापुरता मर्यादित होता. विसाव्या शतकात, विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतर, संशोधन हे मोठ्या प्रयोगशाळांतील सामूहिक कार्य बनले. प्रयोगशाळेचा प्रमुख, साहाय्यक, विद्यार्थी आणि तंत्रज्ञ यांच्या वाट्याची विभागणी कशी करावयाची, हा प्रश्न त्यातून उद्‌भवला.

स्ट्रेप्टोमायसीनचे प्रकरण या संदर्भात उद्‌बोधक आहे. अमेरिकेतील रटगर्झ विद्यापीठात सेलमन वॅक्समन (१८८८–१९७३) यांच्या प्रयोगशाळेत ॲल्बर्ट शॅट्झ (१९२०–२००५) या विद्यार्थ्याने १९४३ मध्ये मातीतील सूक्ष्मजीवापासून हे प्रतिजैविक मिळविले. क्षयरोगावर परिणामकारक ठरलेले ते पहिले प्रतिजैविक होय. जानेवारी १९४४ मधील निबंधावर शॅट्झ, एलिझाबेथ ब्यूजी व वॅक्समन अशी नावे याच क्रमाने होती. एकस्वासाठीच्या अर्जात मात्र ब्यूजी यांचे नाव नव्हते. पुढे शोधाचे श्रेय लोकांत एकट्या वॅक्समन यांना दिले जाऊ लागले आणि स्वामित्वशुल्कातील त्यांचा वाटा शॅट्झ यांना कळला, तेव्हा १९५० मध्ये शॅट्झ यांनी आपल्या गुरूंविरुद्ध दावा लावला. त्याच वर्षी झालेल्या तडजोडीत शॅट्झ यांना सहशोधक म्हणून मान्यता व स्वामित्वशुल्काचा ३ टक्के हिस्सा मिळाला. तथापि १९५२ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक केवळ वॅक्समन यांना देण्यात आले. निबंधावर प्रथम स्थान मिळूनही विद्यार्थ्याचे श्रेय सुरक्षित राहतेच असे नाही, हे यावरून दिसून येते.

याहून सूक्ष्म स्वरूपाचे उदाहरण समाजशास्त्रातील आहे. प्रसिद्ध शास्त्रज्ञाला अधिक व अप्रसिद्धाला कमी श्रेय मिळण्याच्या प्रवृत्तीचे वर्णन रॉबर्ट मर्टन (१९१०–२००३) यांनी १९६८ मधील एका निबंधात केले व तिला ‘मॅथ्यू परिणाम’ असे नाव दिले. या निबंधाचा मोठा आधार हॅरिएट झुकरमन यांनी नोबेल पारितोषिक विजेत्यांच्या घेतलेल्या मुलाखती हा होता; परंतु लेखक म्हणून नाव मर्टन यांचेच होते. हा निबंध संयुक्त नावाने प्रसिद्ध व्हावयास हवा होता, अशी कबुली मर्टन यांनी १९७३ मध्ये दिली. श्रेयाच्या विषमतेचा अभ्यास करणाऱ्यासही ती स्वतःच्या लेखनात वेळीच दिसली नाही.

अनुचित प्रकार : लेखकत्वाच्या दुरुपयोगाचे तीन प्रमुख प्रकार मानतात. (१) मानद लेखकत्व : ज्याचा संशोधनात वाटा नाही अशा विभागप्रमुखाचे वा वजनदार व्यक्तीचे नाव आदरापोटी, उपकाराची फेड म्हणून वा दडपणामुळे घालणे. (२) प्रच्छन्न लेखकत्व : प्रत्यक्ष लिहिणाऱ्याचे नाव दडविणे. रोफेकॉक्सिब या वेदनाशामक औषधासंबंधीच्या न्यायालयीन कागदपत्रांचे परीक्षण २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध कंपनीच्या वतीने तयार झालेल्या काही लेखांवर विद्यापीठांतील तज्ञांची नावे नंतर घालण्यात आल्याचे त्यातून निदर्शनास आले. अशा वेळी लेखन कोणाच्या हितसंबंधातून झाले, हे औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरला कळत नाही आणि त्याची झळ अखेरीस रुग्णास पोहोचते. (३) वंचित लेखकत्व : पात्र व्यक्तीचे, बहुधा कनिष्ठ सहकाऱ्याचे किंवा विद्यार्थ्याचे, नाव वगळणे.

मानदंड : वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांचा एक गट १९७८ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे एकत्र आला. त्यातून बनलेल्या आंतरराष्ट्रीय समितीने १९८५ मध्ये लेखकत्वाचे निकष मांडले. त्यांनुसार लेखकाने पुढील सर्व अटी पुऱ्या केल्या पाहिजेत : संशोधनाची कल्पना, आराखडा, माहितीसंकलन वा विश्लेषण यांत भरीव वाटा, मसुदा लिहिणे किंवा त्याची चिकित्सक दुरुस्ती, आणि अंतिम मजकुरास संमती. कामाच्या सर्व अंगांविषयी उत्तरदायी राहण्याची चौथी अट २०१३ मध्ये जोडण्यात आली. केवळ निधी मिळविणे किंवा सामान्य देखरेख करणे एवढ्यावर लेखकत्व मिळत नाही. अशा साहाय्याची नोंद ऋणनिर्देशात करावयाची असते. २०२३ मध्ये याच तत्त्वानुसार कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनास लेखक मानता येणार नाही, असे समितीने स्पष्ट केले. कारण यंत्र उत्तरदायित्व स्वीकारू शकत नाही.

नावांचा क्रम : याबाबत सर्व ज्ञानशाखांत एकवाक्यता नाही. गणितात नावे सामान्यतः वर्णानुक्रमाने देतात. जीववैज्ञानिक शाखांत प्रथम नाव मुख्य काम करणाऱ्याचे, तर अखेरचे प्रयोगशाळाप्रमुखाचे असते. इंग्लिश गणितज्ञ हार्डी व लिटलवुड यांनी आपल्या सहकार्यासाठी वेगळाच नियम केला होता : संयुक्त निबंधात एखाद्याचा काहीच वाटा नसला, तरी दोघांचीही नावे असावीत. दोन समान योग्यतेच्या मित्रांत हे निर्धोक ठरले. अधिकारी व आश्रित यांच्या संबंधांत मात्र असा नियम सहज अन्यायाचे साधन होऊ शकतो.

बृहत्‌गटांच्या संशोधनात हे निकष अपुरे पडतात. हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानाविषयी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधावर ५,१५४ लेखकांची नावे आहेत. त्याच्या ३३ पृष्ठांपैकी २४ पृष्ठे लेखक व संस्था यांच्या यादीने व्यापली आहेत. म्हणून नावांसमवेत प्रत्येकाने नेमके काय केले, याचे निवेदन छापावे, अशी सूचना ड्रमंड रेनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये केली. संकल्पना, विश्लेषण, लेखन इ. १४ भूमिकांची एक प्रमाणित सूची आता अनेक नियतकालिके वापरतात.

भारत : सत्येंद्रनाथ बोस (१८९४–१९७४) यांनी १९२४ मध्ये ढाक्याहून पाठविलेला निबंध आइन्स्टाइन यांनी स्वतः जर्मनमध्ये अनुवादित करून एकट्या बोस यांच्या नावे प्रसिद्ध करविला व स्वतःचा उल्लेख अनुवादक म्हणून ठेवला. ज्येष्ठाच्या सचोटीचे हे ठळक उदाहरण होय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अध्यापकविषयक विनियमांत संयुक्त निबंधाच्या गुणांची वाटणी ठरवून दिली आहे. दोन लेखक असल्यास प्रत्येकास निबंधाच्या एकूण गुणांच्या ७० टक्के गुण मिळतात. दोहोंपेक्षा अधिक असल्यास प्रथम, प्रमुख वा संपर्क-लेखकास ७० टक्के व इतरांस प्रत्येकी ३० टक्के गुण दिले जातात. अशा गणनेमुळे नावाच्या स्थानाला सेवेतील लाभाचे मोल येते व वादाची शक्यता वाढते. यास्तव लेखकांची नावे व त्यांचा क्रम यांविषयी काम सुरू होतानाच लेखी समजूत करावी, वाटा बदलल्यास तिचा फेरविचार करावा आणि मार्गदर्शकाने विद्यार्थ्यास आपल्या हक्कांची माहिती द्यावी, असे तज्ञ सुचवितात. वाद उद्‌भवल्यास त्याची चौकशी करण्याचे काम सामान्यतः नियतकालिकाच्या संपादकाचे नसून संबंधित संस्थेचे मानले जाते. त्या संस्थेत अधिकार बहुधा ज्येष्ठांच्याच हाती असल्याने कनिष्ठ संशोधकाला तेथे निःपक्षपाती न्याय मिळण्याची व्यवस्था असणे, यावर या मानदंडांची परिणामकारकता अवलंबून आहे.