झटका ओळखणारा संगणक

मेंदूतील पेशींच्या विद्युत हालचालींचा आलेख म्हणजे ईईजी. अपस्माराच्या झटक्यात असंख्य पेशी एकाच तालात उद्दीपित होतात आणि आलेखाची लय बदलते. 'अ‍ॅब्सेन्स' प्रकारात तर मूल पडत नाही, हातपाय झाडत नाही. घास हातात धरून काही सेकंद नुसते टक लावून बघते आणि पुन्हा जेवू लागते. वर्गात हेच 'लक्ष नाही' म्हणून खपून जाते. आलेखावर मात्र सेकंदाला सुमारे 3 टोकदार लहरी उमटतात.

सगळेच झटके इतके ठळक नसतात, आणि दिवस-रात्रीचा आलेख डोळ्यांनी तपासणे हे जिकिरीचे काम. अमेरिकेतील एमआयटीच्या अली शोएब आणि जॉन गुटॅग यांनी 2010 मध्ये मांडलेल्या पद्धतीत संगणक प्रत्येक रुग्णाच्या आलेखावर वेगळा शिकतो, कारण एकाच्या झटक्याची खूण दुसऱ्याच्या साध्या आलेखासारखी दिसू शकते. शिकण्यासाठी त्याला त्या रुग्णाचे दोन-तीन झटके आधी दाखवावे लागतात; खरी मेख इथेच आहे. 24 रुग्णांच्या 916 तासांच्या नोंदींत 173 पैकी 96 टक्के झटके पकडले गेले. मध्यक विलंब 3 सेकंदांचा, तर खोट्या सूचनांचे मध्यक प्रमाण 24 तासांत 2.

खोट्या सूचनांची कारणे बहुधा साधीच: चघळणे, डोळे मिचकावणे, सैल झालेला इलेक्ट्रोड. नवजात बाळांत अडचण उलटी असते. झटका आलेखावर दिसतो, शरीरावर अनेकदा काहीच नाही.