बिऱ्हाडांचा आणि मिळकतीचा जमाखर्च

अमेरिकेतील ३,००० हून अधिक कौंट्यांपैकी, म्हणजे आपल्या परिभाषेत जिल्ह्यांपैकी, कोठून किती बिऱ्हाडे उठली आणि किती उत्पन्न बरोबर घेऊन ती कोठे गेली, याचा वार्षिक ताळेबंद तेथील संघराज्याचे महसूल खाते, कोणाच्याही दारी न जाता, केवळ दप्तरातील प्राप्तिकर-पत्रकांवरून मांडते. यंदाचे पत्रक गतसालच्या पत्रकाशी ताडून पाहावयाचे आणि पत्त्यातील कौंटी बदललेली आढळली की ते बिऱ्हाड एकीकडे खर्ची व दुसरीकडे जमेस धरावयाचे, एवढीच रीत. मॅनहॅटन सोडून फ्लॉरिडातील पाम बीच कौंटीत (राज्याचा वैयक्तिक प्राप्तिकर तेथे नाही, हे आकर्षण काही लहान नव्हे) गेलेले, एकाच पत्रकावरचे चौघांचे कुटुंब येथे एक बिऱ्हाड, चार माणसे आणि हजार डॉलरांच्या परिमाणात लिहिलेली मिळकत एवढेच उरते. दोन कौंट्यांमधील अशी पत्रके २० हून कमी असली, तर गोपनीयतेस्तव तो आकडा स्वतंत्र न छापता संकीर्ण सदरात जातो.

अल्प उत्पन्नामुळे पत्रकच न भरणारे पुष्कळ गरीब व वृद्ध या हिशेबातून निसटतात. त्याहून फसवा तो ‘इतके अब्ज डॉलर बाहेर गेले’ हा मथळा. कारण निवृत्तिवेतन वा व्याज धन्याच्या मागोमाग जाते हे खरे असले, तरी गाव सोडून गेलेल्या शाळामास्तराचा पगार मागेच राहतो आणि त्याच्या जागी नेमलेल्या माणसाच्या पत्रकावर चढतो.