मधुमेह प्रतिबंध कार्यक्रम (अमेरिका)

मधुमेह प्रतिबंध कार्यक्रम (डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्राम) हा अमेरिकेतील २७ केंद्रांवर झालेला वैद्यकीय अभ्यास होता. आहार व व्यायामाच्या सवयी टप्प्याटप्प्याने बदलल्यास टाइप २ मधुमेह टाळता अथवा लांबवता येतो का, हे तपासणे हा त्याचा प्रमुख उद्देश होता. त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

स्वरूप

मधुमेह झालेला नसला तरी रक्तातील साखर सामान्य पातळीपेक्षा वाढलेली असलेल्या ३,२३४ प्रौढांची निवड करण्यात आली. त्यांचे तीन गट पाडण्यात आले. एका गटाला जीवनशैलीबदलाचे सखोल मार्गदर्शन, दुसऱ्याला मेटफॉर्मिन हे औषध, तर तिसऱ्याला औषधविरहित गोळी (प्लासिबो) देण्यात आली.

सवयी बदलण्याची पद्धत

जीवनशैली गटापुढे दोन मर्यादित उद्दिष्टे होती: मूळ वजनाच्या किमान ७ टक्के घट आणि आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालण्यासारखा व्यायाम. ९० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ही घट सुमारे ६.३ किलो होते. पहिल्या २४ आठवड्यांत १६ पाठ वैयक्तिक मार्गदर्शकाकडून शिकवले जात. सहभागी रोजच्या खाण्याची नोंद ठेवत आणि आहारातील स्निग्ध पदार्थ कमी करत. व्यायामाचा कालावधी काही आठवड्यांत हळूहळू वाढवला जाई. बाहेरचे जेवण, ताणतणाव आणि नैराश्याचे विचार यांवरही पाठ होते. नियम मोडणे स्वाभाविक मानून लवकर पूर्वपदावर येण्यास शिकवले जाई.

निष्कर्ष

सरासरी २.८ वर्षांच्या पाठपुराव्यात, प्लासिबो गटाच्या तुलनेत मधुमेह होण्याचे प्रमाण जीवनशैली गटात ५८ टक्क्यांनी, तर मेटफॉर्मिन गटात ३१ टक्क्यांनी कमी आढळले. साठ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींमध्ये जीवनशैलीबदलामुळे झालेली घट ७१ टक्के होती. परिणाम स्पष्ट झाल्याने अभ्यास नियोजित वेळेपूर्वीच थांबवण्यात आला.

सातत्याचा प्रश्न

नव्या सवयी टिकवणे मात्र कठीण ठरले. २४ आठवड्यांअखेर जीवनशैली गटातील ५० टक्के व्यक्तींनी वजनाचे उद्दिष्ट गाठले होते. अखेरच्या भेटीपर्यंत हे प्रमाण ३८ टक्क्यांवर आले. व्यायामाचे उद्दिष्ट पाळणाऱ्यांचे प्रमाणही ७४ वरून ५८ टक्क्यांवर उतरले. मूळ अभ्यासानंतर सर्वच गटांना जीवनशैलीविषयक प्रशिक्षण देण्यात आले आणि गटांमधील अंतर घटले. तरीही सुमारे १५ वर्षांनंतर मूळ जीवनशैली गटात मधुमेहाचे प्रमाण प्लासिबो गटापेक्षा २७ टक्क्यांनी कमी होते.

भारतातील अभ्यास

चेन्नई येथे ५३१ व्यक्तींवर झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात जीवनशैलीबदलामुळे मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी, तर मेटफॉर्मिनमुळे २६.४ टक्क्यांनी घटला. दोन्ही उपाय एकत्र केल्याने अधिक लाभ झाला नाही. जीवनशैली गटाचे सरासरी वजन विशेष न घटताही हा फायदा दिसून आला.