दूरचित्रवाणी रिमोट कंट्रोल

दूरचित्रवाणी रिमोट कंट्रोल किंवा दूरनियंत्रक हे दूरचित्रवाणी संच, सेट टॉप बॉक्स अथवा तत्सम उपकरण दुरून चालवण्यासाठी वापरले जाणारे, हातात मावणारे साधन आहे. बोलीभाषेत त्यास नुसते 'रिमोट' असे म्हणतात. संच चालू-बंद करणे, वाहिनी बदलणे आणि आवाज कमी-जास्त करणे ही त्याची मूळ कामे होत. ओटीटी सेवांच्या प्रसारानंतर प्रेक्षक वाहिनीऐवजी थेट कार्यक्रम शोधू लागला. त्यामुळे २०१० च्या दशकापासून रिमोटची रचना नव्याने केली जात आहे. या पुनर्रचनेत बटणांची संख्या घटली असली तरी त्यांनी होणारी कामे नाहीशी झालेली नाहीत. ती बहुतांशी पडद्यावरील सूचीकडे सरकली आहेत.

इतिहास

अमेरिकेतील झेनिथ या कंपनीने १९५० मध्ये 'लेझी बोन्स' नावाचा रिमोट बाजारात आणला. तो तारेने संचाला जोडलेला असे. १९५५ मध्ये याच कंपनीतील यूजीन पॉली यांनी 'फ्लॅश-मॅटिक' हा बिनतारी रिमोट तयार केला. पडद्याच्या चार कोपऱ्यांतील प्रकाशसंवेदी घटांवर प्रकाशझोत टाकून तो चालवीत. सूर्यप्रकाश त्या घटांवर पडल्यास मात्र वाहिनी आपोआप बदलण्याची शक्यता असे.

१९५६ मध्ये रॉबर्ट ॲडलर यांच्या संशोधनावर आधारित 'स्पेस कमांड' आला. बटण दाबले असता आतील लहान हातोडी ॲल्युमिनियमच्या दांडीवर आपटे आणि श्राव्यातीत, म्हणजे मानवी कानाला ऐकू न येणारा, ध्वनी निर्माण होई. प्रत्येक दांडीची लांबी वेगळी असल्याने ध्वनीची वारंवारताही वेगळी असे. या रिमोटमध्ये बॅटरी नव्हती. बॅटरी संपल्यास ग्राहकाला संचच बिघडला असे वाटेल, ही विक्री विभागाची शंका त्यामागे होती. पॉली व ॲडलर यांना या कार्याबद्दल १९९७ मध्ये एमी पुरस्कार देण्यात आला.

कार्यपद्धती

१९८० च्या दशकात अवरक्त किरणांवर चालणारे रिमोट सर्वत्र रूढ झाले. त्यांच्या टोकाशी असलेला प्रकाश उत्सर्जक डायोड साधारणतः ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण ठरावीक क्रमाने सोडतो. खोलीतील इतर प्रकाशापासून हा संदेश वेगळा ओळखता यावा, म्हणून डायोड सेकंदाला सुमारे ३६ ते ४० हजार वेळा उघडझाप करतो. फिलिप्स कंपनीच्या आरसी-५ या संकेतपद्धतीत एका संदेशात १४ बिट असतात. त्यांपैकी पाच बिट उपकरणाचा प्रकार दर्शवतात व सहा बिट आज्ञा सांगतात. एक बिट प्रत्येक नव्या दाबासरशी बदलतो. त्यावरून बटण दाबून धरले आहे की दोनदा दाबले आहे, हे संचाला समजते. वाहिनी क्रमांक ११ लावताना हा फरक आवश्यक ठरतो.

अवरक्त किरण भिंतीपलीकडे जात नाहीत. त्यामुळे शेजारच्या घरातील संचावर परिणाम होत नाही. परंतु रिमोट संचाच्या दिशेने धरावा लागतो. अलीकडील अनेक रिमोट ब्लूटूथचा वापर करतात. त्यांना अशी दिशा लागत नाही आणि आवाजी आज्ञेसाठी लागणारा ध्वनीही त्यांतून पाठवता येतो. मात्र असा रिमोट वापरण्यापूर्वी उपकरणाशी जोडून घ्यावा लागतो.

बटणांची वाढ

व्हिडिओ रेकॉर्डर, केबल आणि उपग्रह सेवा आल्यावर प्रत्येक उपकरणासोबत स्वतंत्र रिमोट घरात आला. यावर उपाय म्हणून ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनियाक यांच्या सीएल-९ कंपनीने १९८७ मध्ये 'कोअर' हा अनेक उपकरणे चालवणारा रिमोट आणला. भारतात २००३ पासून डीटीएच सेवा आणि २०१२ पासून केबलचे टप्प्याटप्प्याने झालेले डिजिटलीकरण यांमुळे सेट टॉप बॉक्स घरोघरी पोहोचला. मुंबई या डिजिटलीकरणाच्या पहिल्या टप्प्यात होती. संच एका रिमोटने सुरू करायचा आणि वाहिनी दुसऱ्याने लावायची, ही पद्धत त्यातून रूढ झाली. एचडीएमआय जोडणीतील सीईसी सुविधेमुळे एकाच रिमोटने दोन्ही उपकरणे चालवता येतात. मात्र ती सुविधा दोन्ही उपकरणांत असावी व सुरू केलेली असावी लागते.

पुनर्रचना

नव्या रिमोटमध्ये अंकांची बटणे सहसा नसतात. चार दिशा, निवड, मागे, मुख्य पडदा, आवाज आणि मायक्रोफोन एवढीच बटणे प्रामुख्याने आढळतात. ही काटछाट दरवेळी टिकलेली नाही. ॲपल टीव्हीच्या २०१५ मधील रिमोटवर काचेचा स्पर्शपृष्ठभाग होता. २०२१ च्या आवृत्तीत दिशादर्शक कडे व संच चालू-बंद करण्याचे बटण देण्यात आले. सॅमसंगने २०२१ मध्ये मागील बाजूस सौरघट असलेला रिमोट आणला.

अंकांच्या जागी अनेक रिमोटवर विशिष्ट ओटीटी सेवांच्या नावांची बटणे आली. अशा बटणांचे वाटप उत्पादक व सेवा कंपनी यांच्यातील व्यापारी कराराने होते आणि प्रेक्षकाला ती सहसा बदलता येत नाहीत. वाहिनीचा क्रमांक ठाऊक असल्यास अंकांच्या बटणांवरून कोणतीही वाहिनी सारख्याच श्रमात लावता येई. नामांकित बटणांच्या रचनेत मात्र काही सेवा एका दाबावर, तर उर्वरित सेवा सूचीत अनेक दाबांच्या अंतरावर असतात. भारतात केबल दूरचित्रवाणी जाळे (विनियमन) अधिनियम, १९९५ नुसार केबलचालकांवर दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवण्याचे बंधन आहे. हे बंधन केबलचालकांपुरते आहे. रिमोटवरील बटणांशी त्याचा संबंध नाही.

सुलभता

अंकांच्या बटणांपैकी ५ या अंकावर लहानसा उंचवटा ठेवण्याची पद्धत आहे. त्याच्या आधारे दृष्टिहीन व्यक्ती बोटांनी इतर अंक ओळखू शकतात. पडद्यावरील सूचीत असा आधार नसतो. तेथे सूची वाचून दाखवणारी ध्वनिसुविधा आवश्यक ठरते. वाहिनीचे क्रमांक पाठ असलेल्या ज्येष्ठ प्रेक्षकांनाही सूचीतील प्रवास नव्याने शिकावा लागतो.

मराठी कार्यक्रम शोधताना आणखी एक अडचण येते. पडद्यावरील कळफलक केवळ रोमन लिपीत असल्यास एकाच मराठी नावाची अनेक स्पेलिंगे संभवतात. उदाहरणार्थ, 'श्वास' (२००४) या चित्रपटाच्या नावातील 'व' व्ही या अक्षराने लिहावा की डब्ल्यूने, यावर शोधाचे फलित अवलंबून राहू शकते. आवाजी शोधामुळे टंकलेखन टळते. मात्र उपकरणाला मराठी उच्चार कळणे आवश्यक असते.

भाषेतील वापर

मराठीत 'रिमोट कंट्रोल' हा शब्दप्रयोग पडद्याआडून सूत्रे हलवण्याच्या अर्थानेही रूढ आहे. १९९५ मध्ये महाराष्ट्रात शिवसेना-भाजप युतीचे सरकार आल्यानंतर त्याचा रिमोट कंट्रोल आपल्या हाती असल्याचे बाळासाहेब ठाकरे यांनी जाहीरपणे म्हटले होते. तेव्हापासून राजकीय बातम्यांमध्ये हा शब्द या अर्थाने वारंवार आढळतो.