नियुक्तीपत्रातलं ‘ते’ कलम कोर्टात टिकतं का?

‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षं प्रतिस्पर्धी कंपनीत जाणार नाही’ अशी सही घेतली असली, तरी भारतात ती अट सहसा टिकत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ मधल्या कलम २७ नुसार कुणालाही कायदेशीर धंदा वा पेशा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. कायद्यातच दिलेला अपवाद एक : धंदा त्याच्या गुडविलसकट विकणाऱ्याचा. या कलमाचं मूळ न्यूयॉर्कचे वकील डेव्हिड डडली फील्ड यांच्या संहितेच्या मसुद्यात आहे. कॅलिफोर्नियानंही १८७२ मध्येच तिथूनच ही तरतूद घेतली. सिलिकॉन व्हॅलीतले इंजिनिअर सहज कंपन्या बदलतात, त्यामागे तिचा मोठा हात आहे.

मात्र नोकरी चालू असतानाचं बंधन वेगळं. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधला टायर-कॉर्ड विभागाचा एक शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांचा करार अर्धवट टाकून कोट्याच्या स्पर्धक कारखान्यात गेला. कराराची मुदत संपेपर्यंत तिथे काम करता येणार नाही, हा मनाईहुकूम सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्ये कायम ठेवला.

कंपनीची व्यावसायिक गुपितं सोबत नेणं अर्थातच चालत नाही. बाँडचं कलमही नीट वाचा : तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची विजया बँकेची अट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वैध ठरवली. अशा वेळी भुर्दंड बसतो, पण दुसरी नोकरी धरायला आडकाठी येत नाही. एचआरनं धमकीची नोटीस पाठवली तर घाबरून राजीनामा मागे घेऊ नका. आधी वकिलाला करार दाखवा.